खुंटीवरची बॅग

दिनूभाऊ सकपाळ कोथिंबीर आणायला निघाले तरी त्यांच्या अंगावर तीन बॅगा असतात. एक खांद्यावर, एक पाठीला आणि तिसरी, लांबट, कमरेच्या पट्ट्याला. महाडच्या बाजारात नवखा कुणी असला तर त्याला वाटतं, बिचाऱ्याची एसटी चुकलेली दिसतेय. भाजीवाली जुडी पुढे करते, पण घ्यायला यांचा हात मोकळा नसतो. मग तीच उठून जुडी कमरेच्या बॅगेच्या कप्प्यात खोचते. दिनूभाऊ मान हलवतात, वळतात आणि वळताना पाठीवरची बॅग शेजारच्या टोमॅटोच्या ढिगाला लागते. हे इतक्यांदा झालंय, की टोमॅटोवाला आता त्यांना लांबून येताना बघितलं की उठून ढिगापुढे उभा राहतो.

बॅगांमध्ये असतात कॅमेरे आणि लेन्स. दिनूभाऊ फोटोग्राफर आहेत. लग्नं, साखरपुडे, बारशी, शाळांची गॅदरिंग, आणि उरलेल्या वेळात पासपोर्ट.

"भाजीचे फोटो काढायचेत का?" मी एकदा विचारलं.

"नाय रे."

"मग हे लटांबर कशाला?"

"लागली तर?"

हे त्यांचं पालुपद. लागली तर, म्हणजे एखादी लेन्स लागली तर. कुठे, कधी आणि कोथिंबीर घेताना का, हे विचारायचं नाही. वीर स्टेशनला उतरून रिक्षात बसले तर रिक्षावाला म्हणतो, "काका, बॅगांची वेगळी शिट धरतो हां." तेही कबूल करतात, पण एक बॅग घरी ठेवून यायचं नाव काढत नाहीत.

माझं झेरॉक्स आणि वह्या-पेनांचं दुकान त्यांच्या स्टुडिओला खेटून आहे. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांनी तिकडे "हनुवटी जरा खाली" म्हटलं की इकडे माझ्या गिऱ्हाइकाची हनुवटी खाली जाते. मी स्वभावाने खवचट आहे. बायको हे लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून सांगतेय, तेव्हा खरंच असणार. शेजारी असा माणूस देवाने आयता दिल्यावर मी तरी काय करणार?

त्यांच्या धंद्यात लेन्स आकड्यांनी ओळखतात. पस्तीस, पन्नास, पंच्याऐंशी, सत्तर-दोनशे. आकडा लहान तेवढं चित्र रुंद, अख्खा मांडव मावेल असं. आकडा मोठा, की लांबचं जवळ दिसणार. साधा माणूस दोन-तीन लेन्सवर आयुष्य काढतो. दिनूभाऊंकडे किती आहेत हे त्यांनाही धड सांगता येत नाही. त्यात पस्तीस आणि पन्नास या तर पुन्हा नव्याने घेतलेल्या. "होत्या ना हो तुमच्याकडे?" असं विचारलं, तर म्हणाले, "होत्या त्या कामात हायत." कुठल्या कामात, ते काही सांगितलं नाही.

आता इतक्या लेन्स म्हटल्यावर त्या बदलायला वेळ लागणारच. मागे हिरकणीवाडीला एका जोडप्याचं लग्नाआधीचं शूटिंग होतं. मागे रायगड, पुढे जोडपं, ऊन छान. दिनूभाऊ म्हणाले, "थांबा हां, दुसरी लावतो." ती लावेपर्यंत मुलगी म्हणाली, मी दमले. मुलगा म्हणाला, मग बस. मुलगी म्हणाली, 'बस' असं काय बोलतोस? भांडण झालं, रुसवा झाला, दोघांनी टपरीवर जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली, समेट झाला आणि ती हसत परत आली तेव्हा दिनूभाऊ लेन्सचं झाकण शोधत होते. तोवर गड ढगात गेला होता आणि पाठोपाठ जोडपंही. अल्बम बघून मुलीच्या आईने विचारलं, "यात आमची कुठली?" दिनूभाऊ शांतपणे म्हणाले, "धुक्यातली डावीकडची."

शिवाय अलीकडे ते माणसांच्या जवळ जायचेच बंद झाले होते. मांडवाच्या पार टोकाला, आचाऱ्याच्या चुलाण्यापाशी उभे राहायचे आणि तिथून ती तोफेसारखी सत्तर-दोनशे रोखायचे. नवरीकडचे फोटोवाला आलाच नाही म्हणून फोन करायचे आणि दिनूभाऊ वांग्याच्या पातेल्यामागून हात वर करायचे.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी म्हणजे सुमनवहिनी होत्या तेव्हा.

सुमनवहिनी म्हणजे दिनूभाऊंची बायको. त्या लाइट धरायच्या. पदर खोचलेला, पायात सपाता, हातात काठीला लावलेला फ्लॅश. महाड-पोलादपुरातल्या कितीतरी लोकांनी अंतरपाटाच्या वेळी देवाच्या आधी वहिनींचं तोंड बघितलंय. बॅगही त्याच भरायच्या. दिनूभाऊ बाजूला उभे राहून "ही पण घे गो, लागली तर?" असं करायचे आणि वहिनी म्हणायच्या, "नाय लागत." झालं, विषय संपला. दोन कॅमेरे, एक यांच्या गळ्यात, एक बॅगेत, आणि दोन लेन्स, एक पस्तीस, एक पन्नास. मांडवात पोचलं की दोन्ही कॅमेऱ्यांना एकेक लावून टाकायची, म्हणजे बदलायची भानगडच नाही. शिवाय फडकं, आणि दिनूभाऊंच्या खोकल्यासाठी आलेपाक. लांबचा फोटो हवा असला की त्या यांना कोपराने ढोसायच्या. "पुढं व्हा की! माणसंच हायत, चावत नाय."

आणि टेस्टलाही त्याच उभ्या राहायच्या. काम सुरू करण्याआधी उजेड कसा पडतोय ते बघायला फोटोग्राफर एक फोटो काढून बघतात. जिथे नवरा-नवरी उभी राहणार तिथे वहिनी जाऊन उभ्या राहायच्या, दिनूभाऊ खटका दाबायचे, पडद्यावर बघायचे. की लगेच वहिनी, "झाली ना टेस्ट? पुसा मला आता." स्वतःचा फोटो त्यांना बिलकुल आवडायचा नाही. दात पुढे आहेत म्हणायच्या. दिनूभाऊ निमूटपणे पुसायचे. प्रत्येक लग्नात पहिला फोटो वहिनींचा निघायचा आणि प्रत्येक लग्नात तो पुसला जायचा.

हे किती महागात पडलं, ते वहिनी गेल्या तेव्हा कळलं. नाक्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लावायचा होता. फोटो द्या म्हणून पोरं स्टुडिओत आली आणि आम्ही सगळं घर पालथं घातलं. अख्ख्या तालुक्याची तोंडं त्या घरात सापडली, वहिनी नाहीत. त्यांच्या लग्नातला एक फोटो होता, त्यात मुंडावळ्या होत्या, कपाळ होतं, खाली घातलेली मान होती. शेवटी आधार कार्डावरचा घेतला, मीच मोठा करून दिला. आधार कार्डावर कुणीच आपल्यासारखं दिसत नाही. बॅनर लागला आणि दिनूभाऊंनी खालून तो नुसता बघितला. मग स्वतः शिडी आणून त्याच्या दोऱ्या सोडल्या, गुंडाळी केली आणि काखेत मारून घरी नेला. जाताना मला एवढंच म्हणाले, "ही ती नाय."

त्यानंतर त्यांच्या बॅगा वाढत गेल्या. घरात "नाय लागत" म्हणणारं माणूसच उरलं नव्हतं.

स्टुडिओच्या भिंतीवर, पार छताजवळ, एक खुंटी आहे. तिला एक जुनी खाकी बॅग टांगलेली असते. ती वहिनींनी भरलेली शेवटची बॅग. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता संपतो आणि पुढे पायवाट लागते, तिथे धनगरांची एक वाडी आहे. तिथल्या कोंडीराम झोरेच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. वहिनींनी आदल्या दिवशी बॅग भरून दारात ठेवली आणि पहाटे त्यांच्या छातीत दुखायला लागलं. लग्नाला कुणी गेलं नाही. बॅग दारातून उचलून दिनूभाऊंनी खुंटीला लावली आणि परत कधी काढली नाही.

म्हणजे, एकदा काढली. बाजारात पुराचं पाणी शिरलं त्या वर्षी आम्ही दुकानदार पोटमाळ्यांवर जाऊन बसलो होतो. कुणी गल्ला वर घेतला, कुणी टीव्ही, मी झेरॉक्सचं मशीन घ्यायला गेलो आणि कंबर धरून बसलो. दिनूभाऊंचे कॅमेरे, दिवे, कॉम्प्युटर, सगळं खाली पाण्यात तरंगत होतं आणि हे वर खाकी बॅग छातीशी धरून बसलेले. बाजारभर झालं की सकपाळाच्या बॅगेत सोनं आहे. पाणी उतरल्यावर बॅग परत खुंटीवर गेली, आधीपेक्षा वीतभर वर. उघडून बघितलं का? नाही. "अहो, आत लेन्स आहेत, बंद ठेवल्या तर बुरशी धरेल, तुम्हीच तर सांगता सगळ्यांना," मी म्हटलं. दिनूभाऊ म्हणाले, "भरलेली हाय ती," आणि चिखल उपसायला लागले.

मला वाटलं, बायकोची आठवण. असते एकेकाला. मी जास्त खोलात गेलो नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचा खांदा गेला. हात डोक्यापर्यंत जाईना, कंगवा फिरवताना देव आठवायला लागले. डॉक्टरांनी तपासलं, तीन बॅगांकडे बघितलं आणि हात जोडले. "सकपाळ, इथून पुढे खांद्यावर ओझं नाही. नाहीतर तो हात विसरा."

"कॅमेरा चालंल?"

"गळ्यात एक चालेल."

"आणि लेन्स?"

"त्याला असेल तेवढी," डॉक्टर म्हणाले. भला माणूस, त्याला काय माहीत!

मग माझ्या दुकानाच्या काउंटरवर कोर्ट भरलं. मी न्यायाधीश, दिनूभाऊ सगळ्या आरोपींचे वकील. एकेक लेन्स ते फडक्यावर ठेवायचे आणि मी विचारायचो, ही कशाला?

"ही जवळची. अंगठी, मेंदी, असलं काढाय."

"शेवटची कधी लावलीत?"

"लावली नाय. पण लागली तर?"

"ही?"

"हिच्यात चेहरा गोड येतो."

"आणि ही?"

"हिच्यात पण. पण हिच्यात जरा कमी गोड."

"कमी गोड कुणाला हवाय?"

"अरे, विहीण असते," दिनूभाऊ म्हणाले.

दुपारपर्यंत एकही आरोपी दोषी ठरला नाही. झेरॉक्सला आलेली गिऱ्हाइकं परत गेली. शेवटी मी वैतागून म्हणालो, "मग शटर ओढा आणि घरी बसा!" माझ्या तोंडून ते निसटलं, पण दिनूभाऊ गंभीर झाले. फडकं गोळा करत म्हणाले, "ओढायचंच हाय बहुतेक. हे उचलवत नाय आणि यातलं टाकवत नाय. काय करू, सांग."

मी काउंटरवरची झाकणं गोळा करून द्यायला लागलो.

तेवढ्यात कोंडीराम झोरे आला. योगायोग नव्हे, तो बाजाराच्या दिवशी तूप घेऊन येतो, तसा आला होता. डोक्याला मुंडासं, हातात काठी. दारातूनच म्हणाला, "फोटोवालं, धाकटीचं लगीन काढलंय. तुमी यायचं."

दिनूभाऊंनी खांदा दाखवला. वर चढवत नाही म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी सांग, हल्ली ड्रोनवाली पोरं आहेत.

"ड्रोन नको," कोंडीराम म्हणाला, "म्हशी बुजतात." मग काठी भिंतीला टेकवून खाली बसला. "थोरलीचं लगीन बिनफोटोचं झालं. तुमच्यावर दुःख व्हतं, मी काय बोललो नाय. पन पोर अजून माह्यावर डूख धरून हाय. म्हनते, माझंच कसं नाय? आता धाकटीचं पन तसंच झालं तर घरात दोन व्हतील. मी कुटं जायाचं?"

दिनूभाऊंनी त्याची काठी उचलून त्याच्या हातात दिली. मग म्हणाले, "येतो." कोंडीराम गेल्यावर मला म्हणाले, "एवढं एक करतो. जमलं तर जमलं. नायतर मग तू म्हणतोस तसं, शटर खाली."

लग्नाच्या दिवशी सकाळी मी हमाल म्हणून हजर झालो. तीन बॅगांपैकी कुठली माझ्या डोक्यावर बसतेय या विवंचनेत होतो. दिनूभाऊंनी गळ्यात एक कॅमेरा अडकवला, खिशात बॅटऱ्या टाकल्या. मग स्टूल ओढलं, बऱ्या हाताने खुंटीवरची खाकी बॅग काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि माझ्या खांद्याला लावली. "हळू. भरलेली हाय."

एरवी मी काहीतरी बोललो असतो. तेवढी अक्कल मात्र मला आहे.

पोलादपूरहून जीपने रस्ता संपेपर्यंत गेलो आणि मग चढायला लागलो. ऊन रणरणतं. करवंदाच्या जाळीत पोरंटोरं, वरून ढोल. बॅग खरोखर हलकी होती, मलासुद्धा झेपत होती. वहिनींनी ती या वाटेचा विचार करूनच भरली होती, हे अर्ध्या चढावर माझ्या लक्षात आलं. मी दिनूभाऊंना म्हटलं, "काय भरलंय बघून तरी घ्यायचं होतं. वर जाऊन सगळी बुरशी निघाली म्हणजे?"

"निघंल ती निघंल," ते म्हणाले. आणि बॅगेकडे न बघता पुढे चढायला लागले.

वाडीत जांभळीच्या सावलीत बसलो. मांडव आंब्याच्या डहाळ्यांचा, शेणाने सारवलेलं अंगण, कडेला म्हशी बांधलेल्या, ड्रोन नसल्यामुळे निवांत. कोंडीरामच्या बायकोने दही-पाणी आणलं. बॅगेची चेन गंजून धरली होती, तिनेच खोबरेल आणून चोळलं, तेव्हा ती कशीबशी सरकली.

आतल्या मांडणीत वहिनींचा हात दिसत होता. दोन्ही बाजूंना दोन लेन्स, साडीच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या. मध्ये जुना कॅमेरा. आलेपाकाचा नुसता कागद उरला होता, वडी मुंग्यांनी कधीच संपवली होती. आणि सगळीकडे, प्रत्येक कप्प्यात, त्या बारक्या पांढऱ्या पुड्या. चपलांच्या खोक्यात येतात ना, ओल शोषून घ्यायला, 'खाऊ नये' लिहिलेल्या, त्या. गावातल्या कुठल्या कुठल्या चप्पलवाल्यांकडून जमवल्या होत्या देव जाणे. दिनूभाऊंनी लेन्स उजेडाला धरल्या. पस्तीसच्या कडेला बुरशीची बारीक जाळी होती. पन्नास स्वच्छ.

"चालतंय," ते म्हणाले आणि माझा जीव भांड्यात पडला.

जुन्या कॅमेऱ्यात त्यांनी खिशातली बॅटरी घातली. पडदा लागला. दिनूभाऊंचा अंगठा सवयीने चालला, दोन-चार बटणं खटाखट दाबली. आणि मग त्यांचा हात तसाच थांबला. चेहरा बघून मला वाटलं, खांद्यात कळ आली.

"काय झालं?"

"कार्ड साफ केलं," ते म्हणाले. "नवीन काम. आधी कार्ड साफ करतो आपण, जुने फोटो पुसून. हातानं केलं रे. मी नाय केलं."

"मग बरोबर केलंत की!"

"त्यात ती असंल."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, खाली बघत, कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत. थोरलीच्या लग्नाच्या आधीचं काम दासगावातलं एक बारसं होतं. ते सगळं दुसऱ्या कॅमेऱ्यावर निघालं, म्हणून हे कार्ड कॉम्प्युटरला कधी लागलंच नव्हतं. याच्यावर नुसती टेस्ट घेतली होती, वहिनी उभ्या राहिल्या होत्या. पाळण्यापाशी. फोटो काढला, पडद्यावर बघितला, आणि वहिनी नेहमीसारखं पुसा म्हणाल्या. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. पुढचं त्यांना आठवत नव्हतं.

"पुसला व्हता का ऱ्हायला व्हता, तेच नाय आठवत," दिनूभाऊ म्हणाले. "बॅग उघडली असती तर कळलं असतं. म्हणून नाय उघडली. बंद हाय तोवर ती आत हाय. तेवढं पुरं व्हतं मला. आणि आता माझ्याच हातानं..."

मी इतकी वर्षं बॅगांवरून त्यांना चिडवत होतो. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

पण झेरॉक्सवाला असलो तरी दुकानात कॉम्प्युटर आहे. साफ केलेल्या कार्डावर नवीन काही काढलं नाही तर जुनं कधी कधी परत मिळतं, हे मला ऐकून माहीत होतं. मी म्हटलं, "ते कार्ड आधी बाहेर काढा. दुसरं घाला." दिनूभाऊंनी कार्ड काढलं, क्षणभर मुठीत धरलं आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकलं. "ठेव तुझ्याकडं." खिशावर दोनदा थोपटलं.

मांडवातून मुंबईचा कुणी भाचा ओरडला, "अंकल, जल्दी! मुलगा आला!" दिनूभाऊ उठले. एक कॅमेरा गळ्यात, एक बऱ्या हातात. मला मांडवाच्या मधोमध बोट दाखवलं. "जा, उभा ऱ्हा तिथं."

मी जाऊन उभा राहिलो. घामाने निथळलेला, नाक लाल, खांद्यावर रिकामी खाकी बॅग. खटका वाजला. दिनूभाऊंनी पडद्यात बघितलं. अंगठा पुसायच्या बटणावर गेला.

"झाली ना टेस्ट?" माझ्या तोंडून आपसूक निघालं. "पुसा आता."

दिनूभाऊंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग अंगठा बाजूला घेतला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले.

आणि मग ते जे मांडवात शिरले ते शिरलेच. चुलाणं नाही, पातेलं नाही. इतके जवळ, की भटजींच्या निम्म्या अक्षता त्यांच्याच डोक्यात पडल्या. एक म्हातारी ओरडली, "अरं, लगीन तुजं हाय का तिचं?" त्यांनी तिचाही फोटो काढला, ओरडत असताना. जेवणावळी झाल्यावर थोरलीला बोलावलं. ती नवऱ्याबरोबर, कडेवर पोर घेऊन आली होती, तोंड अजून जरा फुगलेलं. पोर कोंडीरामकडे दिलं, दोघांना धाकटीचे हार घालून उभं केलं, वरून अक्षता टाकायला लावल्या. नवरा म्हणाला, "भाऊ, परत लगीन लावताय काय?" थोरली लाजली, मान खाली घातली. दिनूभाऊ एक पाऊल पुढे झाले. "मान वर गो," म्हणाले. "नीट वर. तोंड दिसाय पायजे."

शटर खाली आलं नाही. बाकीच्या लेन्स गावोगावच्या पोरांकडे गेल्या, कमी गोडवाली कुणी घेतली ते मात्र कळलं नाही. आता दिनूभाऊ एक बॅग घेऊन हिंडतात, तीच, खाकी, तीही बऱ्या खांद्यावर. टोमॅटोवाला अजून सवयीने उठून उभा राहतो आणि मग काही न पडल्यामुळे थोडा हिरमुसतो. स्टुडिओच्या भिंतीवर नवरा-नवरींच्या रांगेत माझा लाल नाकाचा फोटो मोठा करून लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, हे कोण? दिनूभाऊ सांगतात, टेस्ट.

कार्ड माझ्याकडेच आहे. मध्ये एकदा मी म्हटलं, "दिनूभाऊ, लावून बघू का कॉम्प्युटरला? असला फोटो तर मिळेल." ते पासपोर्ट कापत होते. कात्री थांबली.

"असली तर बरंच हाय," ते म्हणाले. "नसली तर?"

मी परत विषय काढला नाही. शर्ट बदलला की ते कार्ड या खिशातून त्या खिशात घालतो. परवा कोथिंबीर आणायला निघालो, तर बायको म्हणाली, "ते काय सारखं खिशात घेऊन फिरता? दुकानात ठेवा की."

"लागलं तर?" मी म्हणालो.